चढावर खरं बोलणारा पट्टा

डिचोलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडं आटोपून देते:

«ताई, माझं वय ४६. दोन वर्षं झाली, आम्ही चौघी जणी दर रविवारी सायकलनं जातो. डिचोली, मये, नार्वे, मग फेरीबोटीनं दिवाडी आणि दुसऱ्या फेरीनं जुने गोवे, हा नेहमीचा रस्ता. मनगटावर स्मार्टवॉच असतं. मागच्या महिन्यात दिवाडी बेटावरच्या पिएदादच्या चर्चचा चढ चढताना मला इतकी धाप लागली की बोलवेना, आणि घड्याळात ठोके ९२. खाली उतरून शेतांमधल्या सपाट रस्त्याला लागलो तर १७१! घाबरून सायकल आडवी केली आणि बांधावर बसून राहिले. गेल्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. भावोजी म्हणतात ठोके मोजणारा छातीचा पट्टा घे, दुकानदार म्हणतो दंडाचा घ्या, यजमान म्हणतात घड्याळ आहे ना, आणखी कशाला? भरवशाचं नेमकं काय घ्यावं? माझे ठोके किती असायला हवेत? आणि डिसेंबरात मैत्रिणी चोर्ला घाट चढायचा म्हणतायत, मी जाऊ का?»

नमस्कार.

तुम्ही थांबलात, बसलात, हे अगदी बरोबर केलंत. फक्त त्या बांधावर बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट करायला हवी होती. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची आणि ३० सेकंद ठोके मोजून दुप्पट करायचे. दुप्पट करूनही आकडा १७१ च्या खूपच खाली आला असता तर १७१ हा आकडा घड्याळाचा होता, तुमच्या हृदयाचा नव्हता, हे तिथल्या तिथे कळलं असतं. पुढे कुठलंही यंत्र घेतलंत तरी ही सवय सोडू नका. आज घरी चहा पिऊन झाल्यावर करून बघा, म्हणजे रस्त्यावर बोटं चाचपडणार नाहीत.

एक विचारायचं राहतंय, कारण पत्रात ते नाही. त्या वेळी छातीत धडधड, घेरी, दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही होतं का? असेल तर यंत्राची निवड बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रस्त्यात पुन्हा तसं झालं तर सायकल तिथेच टाकून १०८ ला फोन लावायचा. मैत्रिणींचा रविवार बिघडेल याचा विचार करायचा नाही.

तसं काही नव्हतं असं धरून पुढे लिहिते.

मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडतं. रक्त तो उजेड शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, ओसरतं, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोक्यांचा हिशेब मांडतं. घरी खुर्चीत बसलेल्या माणसाचा हा हिशेब छान जमतो. सायकलवर मात्र आपण नेमकं काय करतो ते बघा. मनगट हँडलवर वाकलेलं, त्यावर अंगाचा भार, चढ आला की मूठ घट्ट आवळलेली. मूठ आवळली की मनगटातल्या शिरा-स्नायू ताठतात, घड्याळ कातडीवरून किंचित उचललं जातं, रक्ताचा ओघही बदलतो. म्हणजे जिथे तुमचं हृदय सगळ्यात जास्त काम करत होतं, तिथेच घड्याळाला सगळ्यात कमी दिसत होतं. म्हणून ९२.

सपाटीवर १७१ कसे? खडबडीत रस्त्याचे धक्के हँडलमधून थेट मनगटात येतात, आणि धक्क्यानं हललेलं घड्याळ त्या हालचालीलाच ठोका समजू शकतं. पायांची लयही त्यात मिसळते. पॅडलचे मिनिटाला ८५ फेरे होत असतील तर दोन पाय मिळून १७० रेटे होतात. तुमचा आकडा त्याच्या इतका जवळ आहे की मला आधी तीच शंका आली.

छातीच्या पट्ट्याची रीत वेगळी. हृदय आकुंचन पावताना वीज निर्माण होते, ती कातडीवर पट्ट्यातल्या दोन पॅडना कळते. दवाखान्यात ईसीजी काढतात त्याच तत्त्वावर, फक्त तारा दोनच. मूठ आवळा, हँडल हलू दे, रस्त्यात खड्डे असू देत, छातीला त्याचं फारसं काही नसतं. फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ साली पहिला बिनतारी मापक बाजारात आणला तो छातीच्या पट्ट्याचाच होता, आणि इतक्या वर्षांत त्याचं मूळ तत्त्व बदललेलं नाही.

पट्टा कधीच चुकत नाही असं मात्र नाही. पॅड कोरडे असतील तर पहिली पाच-दहा मिनिटं काहीही दाखवतो. कधी नुसत्या रेघा, कधी आरामात बसलेल्या बाईला २२०. सैल सिंथेटिक जर्सी वाऱ्यानं फडफडली तरी आकडे उडतात. पण फरक लक्षात घ्या. पट्टा चुकतो तेव्हा उघड चुकतो, आणि आपल्याला कळतं की हे खरं नाही. घड्याळ चुकतं तेव्हा खरं वाटेल असं चुकतं. ९२ हा आकडा बघून कुणालाही वाटेल की अजून जोर लावायला हरकत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईला चढावर असं सांगणारं यंत्र मला चालत नाही. भरवशाचं म्हणजे चढावर खरं बोलणारं, एवढीच माझी कसोटी, आणि त्या कसोटीला छातीचा पट्टा उतरतो. भावोजींचं ऐका.

आता कुठला? पोलरचा एच १० सगळ्यात अचूक पट्ट्यांत धरला जातो. घड्याळं आणि दंडाचे पट्टे तपासताना अभ्यासक पुष्कळदा तोच समोर ठेवतात. त्याच कंपनीचा एच ९ त्याहून स्वस्त आहे आणि रविवारच्या सायकलीला पुरून उरतो. गार्मिनचा एचआरएम-ड्युअल आणि वाहूचा टिकर हेही चांगले. कूस्पो आणि मॅजीन हे त्यांच्यापेक्षा बरेच स्वस्त. आमच्या गटात दोघी ते वापरतात आणि आकड्यांबद्दल तक्रार नाही, फक्त त्यांचं कापड लवकर सैल पडतं. पैसे मोजण्याआधी दोनच गोष्टी बघा. एक, ब्लूटूथ आणि अँट प्लस या बिनतारी जोडणीच्या दोन्ही पद्धती आहेत ना. फोनला ब्लूटूथ लागतं, पुढे कधी हँडलवर लावायचा सायकलचा कंप्युटर घेतलात तर अँट प्लस कामी येतं. दोन, नुसतं कापड वेगळं विकत मिळतं ना. आधी कापड जातं, त्याला टिचबटणांनी लावलेली यंत्राची डबी मागाहून. कापड मिळत नसेल तर वर्ष-दीड वर्षात सगळंच फेकायची पाळी येते. हा धडा मला महागात पडला. माझी डबी बिघडली असं समजून मी ती टाकून दिली होती. बिघडलं होतं फक्त कापड, हे नवीन संच आल्यावर कळलं.

आत सीआर २०२५ किंवा सीआर २०३२ चा चपटा गोल सेल असतो, तो डिचोलीच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळेल. एच १० चा एक सेल साधारण ४०० तास चालतो असं कंपनी सांगते. तुमच्या रविवारांच्या हिशेबानं वर्षानुवर्षं पुरायला हवा. गोव्यात पुरत नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

बायकांसाठी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पट्टा स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकच्या आत, कातडीला लागून, डबी बरोबर छातीच्या मधल्या हाडावर येईल असा बांधायचा. इलॅस्टिकच्या खाली वेगळा बांधला तर दोन कडा एकमेकींवर घासतात आणि दोन तासांत कातडी सोलते. इलॅस्टिकवरून बांधला तर पॅड कातडीला टेकतच नाहीत. पोलर मापाचे दोन पट्टे देतं, लहान आणि मोठा. छातीचा घेर टेपनं मोजून घ्या, मोठा आवळून घालण्यात अर्थ नाही. गार्मिनचा एचआरएम-फिट तर स्पोर्ट्स ब्रालाच चिमट्यांनी लावायचा असतो, वेगळा पट्टा नकोच. किती घट्ट? खोल श्वास घेता यावा आणि उडी मारली तर घसरू नये इतका. निघण्यापूर्वी पॅडना पाण्याचं बोट लावा. एवढ्यानं सुरुवातीचे वेडेवाकडे आकडे बंद होतात.

दुकानदारही चुकीचं सांगत नव्हता. दंडाच्या पट्ट्यात घड्याळासारखाच उजेड असतो, पण दंडावर मांस जास्त, हालचाल कमी, आणि मूठ आवळल्याचा त्रास तिथे फारसा पोचत नाही. म्हणून तो मनगटापेक्षा पुष्कळ बरा. पोलरचा व्हेरिटी सेन्स हा असाच दंडाचा पट्टा, तो घरच्या चार्जरवर चार्ज होतो. एप्रिल-मेमध्ये छातीच्या पट्ट्याखाली घामोळं येऊन कातडी लालबुंद होते अशा बायका मी पाहिल्या आहेत. तुमचं तसं होत असेल तर बेलाशक दंडाचा घ्या. अचानक जोर लावला की तो काही सेकंद मागे राहतो, रविवारच्या फेरीला त्यानं काही बिघडत नाही. मात्र तो रक्ताच्या चढउतारावरच चालतो, म्हणून निघाल्यावर पाचेक मिनिटं अंग गरम होऊ द्या आणि मग बघा.

यजमानांचंही निम्मं खरं आहे. काही घड्याळं बाहेरच्या पट्ट्याचे आकडे घेऊन आपल्या पडद्यावर दाखवू शकतात. सेटिंगमध्ये बाहेरचा सेन्सर जोडायची सोय आहे का बघा. असेल तर घड्याळ वाया गेलं नाही, मनगटावर आकडा दिसेल आणि मोजेल छाती. नसेल तर फोनवरचं सायकलचं अ‍ॅप पुरेसं आहे.

जोडणी मात्र घरी करा, डिचोली बसस्टँडवर चौघी जमल्यावर नको. सायकलच्या नव्या कंप्युटरशी मी एकदा पणजीला गटातच जोडणी केली. रायबंदरच्या सपाट रस्त्यावर माझे ठोके १५० आणि मी गप्पा मारतेय. अर्ध्या तासानं लक्षात आलं की ते ठोके शेजारून जाणाऱ्या मैत्रिणीचे होते. माझ्या कंप्युटरनं तिचा पट्टा धरला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. ठोके किती असावेत?

जास्तीत जास्त ठोके किती, हे काढायला पुष्कळ घड्याळं २२० मधून वय वजा करतात. तुमच्या वयाला १७४. २००१ मध्ये अमेरिकेत तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून दुसरं सूत्र दिलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्यानं १७६. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांनी फक्त बायकांवरचा अभ्यास करून तिसरं दिलं, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. त्यानं १६५.५, म्हणजे जवळजवळ १६६. बाई एक, वय एक, आणि तीन आकडे. हे सरासरीचे आकडे आहेत. खरा माणूस त्यापासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतो. घड्याळ लाल-पिवळे पट्टे दाखवून तुम्हाला घाबरवतं किंवा धीर देतं, त्यामागे एवढंच गणित असतं.

आणि तुमच्या बाबतीत हेही गणित कदाचित लागू नाही. गोळीची पट्टी हातात घ्या आणि बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल असं शेवटी ‘लॉल’ येणारं नाव असेल तर ते औषध हृदयाचा वेग धरून ठेवतं. त्यावर जोर कितीही लावलात तरी ठोके पूर्वीइतके चढणारच नाहीत. तिन्ही सूत्रं तिथे बाद. १३० ठोक्यांवर तुम्ही तुमच्या टोकाला पोचलेल्या असाल आणि घड्याळ तुम्हाला आरामात आहात म्हणेल. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल तर एरवी ठोक्यांना असा लगाम लागत नाही. एका गोळीत दोन औषधंही असतात, म्हणून पूर्ण नाव वाचा. आणि सायकलीसाठी म्हणून गोळी एक दिवसही चुकवू नका. ‘लॉल’वाली गोळी एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं.

तुमचा आकडा ठरवायचा खरा मार्ग डॉक्टरांकडून जातो. ट्रेडमिल टेस्ट, जिला सगळे टीएमटी म्हणतात, ती करावी का हे विचारा, आणि सायकलसाठी वरची मर्यादा कागदावर लिहून मागा. टेस्ट गोळी चालू ठेवून करायची की कशी, तेही तेच ठरवतील. ‘घाट चढायचाय’ असं स्पष्ट सांगा. ‘थोडं फिरते’ म्हणालात तर सल्लाही थोड्या फिरण्याचाच मिळेल.

तोवर श्वासावर चाला. गप्पा मारता येतात पण भजन म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. तुमच्या रविवारचा बहुतेक वेळ तिथे जायला हवा. तीन-चार शब्दांनी वाक्य तुटायला लागलं की जोर जास्त झाला. पिएदादच्या चढावर तुम्हाला बोलवेना, तेव्हा घड्याळ ९२ म्हणत असताना तुमचं शरीर खरं काय ते सांगत होतं. चांगल्या पट्ट्याचा मोठा उपयोग हाच की काही आठवड्यांनी श्वास आणि आकडा एकमेकांशी जुळतात. गप्पा तुटतात तेव्हा माझे ठोके अमुक असतात, हे कळतं. तो आकडा तुमचा असतो, सूत्राचा नसतो.

इथल्या हवेचंही एक आहे. आपल्याकडच्या दमट उन्हात घाम सुकत नाही, अंग थंड करायला हृदयाला जास्त रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, घामानं अंगातलं पाणीही कमी होतं. म्हणून सकाळी साडेसहाला ज्या वेगाला १२५ ठोके पडतात, त्याच वेगाला साडेनऊला १४० पडू शकतात. पट्टा बिघडलेला नसतो, तुम्हीही एकदम अशक्त झालेल्या नसता. अशा वेळी वेग धरून ठेवू नका, ठोके धरून ठेवा. वेग उतरू दे, सावलीत थांबा, पाणी प्या. पट्टा ओला आणि घट्ट असूनही मध्येच आकडे भलतीकडे उडाले आणि बोटांनी मोजतानाही ठोके कधी लवकर कधी उशिरा असे लागले, तर मात्र यंत्राला दोष देऊ नका. वेळ आणि आकडा वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. पट्टा निदान करत नाही. ते ईसीजी बघूनच होतं.

सेलचं राहिलं. घरी आल्यावर आपण पट्टा काढून दोरीवर टाकतो, डबी तशीच. ओल्या कापडातून डबीला वाटतं की अजून छातीवरच आहोत, ती रात्रभर जागी राहते आणि सेल संपवते. शिवाय घामातलं मीठ टिचबटणांवर बसतं आणि पावसाळ्यात त्यावर हिरवट कळंक चढतो. म्हणून घरात शिरल्या शिरल्या टिचबटणं सोडून डबी काढा, फडक्यानं पुसा. कापड नळाखाली खळबळून पंख्याखाली सुकवा, उन्हात नको. आठवड्यातून एकदा साध्या साबणानं हातानं धुवा, पिळू नका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे डबी तांदळाची पुरचुंडी घातलेल्या डब्यात असते. कापडावर एकदा बुरशीचे काळे ठिपके आले की ते जात नाहीत.

पट्टा आला की नेहमीच्याच रस्त्यानं जा. नार्व्याच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून बोटांनी ३० सेकंद मोजा आणि फोनशी ताडून पाहा. पाचेक ठोक्यांच्या आत जुळायला हवं. मग पिएदादच्या चढावर आकडा हळूहळू वर जातो का आणि वर पोचून थांबल्यावर मिनिटाभरात उतरायला लागतो का, तेवढं बघा. दोन रविवार असं जमलं की पट्ट्यावर विसंबायला हरकत नाही.

आणि चोर्ला. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी. हो म्हणाले तर जरूर जा, डिसेंबरातली पहाट त्या घाटासाठी सगळ्यात चांगली. साखळी-केरीपर्यंत अंग गरम होतंच. केरी सुटली की सगळ्यात हलका गिअर लावा आणि कागदावरच्या मर्यादेच्या दहा ठोके खालीच राहा, कारण थकवा घाटाच्या पहिल्या वळणावर नाही, शेवटच्या वळणांवर गाठतो. तिघी पुढे गेल्या तर जाऊ द्यात. वर कुठे थांबायचं ते निघतानाच ठरवून ठेवा.